दहा बाय बाराच्या खोलीत चिलखत

फोमच्या शीटमधून कापलेलं, हीट गनने वाकवलेलं आणि चंदेरी रंगाने रंगवलेलं छातीचं कवच दहा फुटांवरून पोलादी दिसतं. कॅमेऱ्यासमोर तेच कवच कधी प्लास्टिकचं खेळणं वाटतं, तर कधी नुसता पांढरट डाग. महिनेच्या महिने खपून केलेलं काम फोटोत असं पडतं, आणि बहुतेक लोक ते फक्त फोटोतच पाहणार असतात. म्हणून काल्पनिक जगातली चिलखतं घरी बनवणाऱ्यांमध्ये फोटोचा प्रश्न चिलखताइतकाच चर्चिला जातो. घरच्या घरी स्टुडिओ कसा उभा करावा याबद्दल सल्ल्यांची कमी नाही, पण ते एकमेकांना छेद देतात. कोण काय म्हणतं, का म्हणतं आणि कुठे एकमत नाही, एवढं इथे पाहायचं आहे.

तीन परंपरा

चिलखताच्या फोटोची सर्वांत जुनी परंपरा संग्राहकांची आणि संग्रहालयांची. गाय फ्रान्सिस लेकिंग यांचा युरोपीय चिलखतांवरचा पाच खंडांचा ग्रंथ १९२० ते १९२२ या काळात निघाला. त्यातल्या असंख्य छायाचित्रांचा हेतू सरळ आहे: वस्तू नीट दिसावी, रिव्हेट मोजता यावेत, पत्र्याची घडण कळावी. साधी पार्श्वभूमी, समतोल उजेड, नाट्य शून्य. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये आपल्या संग्रहातल्या लाखो प्रतिमा मुक्त वापरासाठी खुल्या केल्या. त्यात चिलखतंही आली, आणि घरी काम करणाऱ्यांना अभ्यासाला फुकटची शाळा मिळाली.

दुसरी परंपरा सिनेमाची. जॉन बोरमन यांच्या १९८१ च्या ‘एक्सकॅलिबर’मध्ये टेरी इंग्लिश यांनी घडवलेल्या लखलखीत चिलखतांवर हिरवा उजेड टाकलेला आहे. त्यामुळे ती जंगलातूनच उगवल्यासारखी दिसतात. पुढे न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी चिलखतांचे ढीग घडवले. त्या मालिकेतली २००२ सालच्या दुसऱ्या चित्रपटातली मोठी लढाई रात्रीची आणि भर पावसातली आहे. ओल्या पृष्ठभागावर कडेचा उजेड फार सुंदर चमकतो, आणि अंधार बरंच काही पोटात घालतो. पडद्यावर दिसतं ते साहित्य आणि उजेड या दोघांचं मिळून असतं, हे तिथे उघड दिसतं.

तिसरी परंपरा हौशींची. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकालीन पोशाख घालून गेले होते. तिथून कॉस्प्लेचा एक धागा निघतो. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘५०१ लीजन’ ही ‘स्टार वॉर्स’ची चिलखतं घालणाऱ्यांची संघटना. तिथे सदस्यत्व मागणाऱ्याला पूर्ण पोशाखातले फोटो पाठवावे लागतात आणि ते ठरलेल्या निकषांवर तपासले जातात. इथे फोटो हा दाखला असतो. त्यानंतर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) आणि ‘स्कायरिम’ (२०११) यांसारख्या गेम्सनी डोक्याएवढी खांदकवचं आणि शिंगांची शिरस्त्राणं लोकप्रिय केली. भारतात २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिलं कॉमिक कॉन भरलं, नंतर ते मुंबईसह इतर शहरांत गेलं, आणि स्पर्धेच्या निमित्ताने घराघरांत ईव्हीए फोम कापला जाऊ लागला.

आजचे बहुतेक मतभेद या तीन परंपरांतून आलेले आहेत. संग्रहालयवाल्याला तपशील हवा, सिनेमावाल्याला भास हवा, आणि हौशी माणसाला दोन्ही हवं, तेही बेडरूममध्ये.

वस्तू काय आहे, यावरून

सल्ले एकमेकांशी भांडतात त्याचं मोठं कारण म्हणजे ते वेगवेगळ्या वस्तूंबद्दल दिलेले असतात. पॉलिश केलेला खरा पत्रा आणि चंदेरी रंगवलेला फोम डोळ्याला सारखे दिसले तरी उजेडाशी अगदी वेगळे वागतात.

घासून चकचकीत केलेल्या धातूला कॅमेऱ्याच्या दृष्टीने स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. त्यात दिसते ती समोरची खोली. पांढरी भिंत समोर असेल तर कवच पांढरं, काळा पडदा असेल तर काळं. फिल हंटर आणि पॉल फुक्वा यांच्या ‘लाइट: सायन्स अँड मॅजिक’ या १९९० मध्ये पहिल्यांदा आलेल्या पुस्तकाने ही गोष्ट नीट मांडली. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. म्हणून वस्तूच्या पृष्ठभागावरून कॅमेऱ्याला खोलीचा कोणता भाग ‘दिसतो’ ते आधी शोधायचं, आणि तेवढ्या भागात काय ठेवायचं ते ठरवायचं. सपाट ढालीसाठी हा भाग छोटा असतो. घुमटासारख्या शिरस्त्राणात मात्र अख्खी खोली मावते: खिडकी, पंखा, कपाट, आणि कॅमेरा धरून उभा असलेला माणूससुद्धा. म्हणूनच धातूचं काम करणारे मोठा पांढरा पडदा एका बाजूला, काळं कापड दुसऱ्या बाजूला लावतात आणि कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढतात. पत्र्याचा आकार कळतो तो या पांढऱ्या-काळ्याच्या सीमेवरून. सगळीकडून पांढरं कापड असलेला तयार ‘लाइट टेंट’ दागिन्यांना चालतो, पण चिलखताला तो सपाट करून टाकतो. याबद्दल जाणकारांत फारसा वाद नाही.

फोमचं तसं नाही. रंगवलेला फोम मुळात मंद असतो. त्यावर धातूचा भास येतो तो रंगातल्या ॲल्युमिनियमच्या बारीक कणांमुळे, आणि वर वॉर्निश मारलं असेल तर त्याच्या चकाकीमुळे. त्याला खोलीच्या प्रतिबिंबाची फारशी भीती नसते. भीती असते ती तिरप्या उजेडाची, कारण तो जोडाची प्रत्येक रेघ, सुरीचा प्रत्येक हुकलेला काप आणि काठावर उतू गेलेलं फेविकॉल एसआर दाखवतो. पण तोच तिरपा उजेड कोरलेली नक्षी, ठोक्यांचे खळगे आणि मुद्दाम केलेली झीजही उठावदार करतो. त्यामुळे कारागीर या मुद्द्यावर विभागलेले आहेत. एक गट म्हणतो, मोठा सॉफ्टबॉक्स जवळ घ्या, काम देखणं दिसेल. दुसरा म्हणतो, तिरपा उजेड द्या आणि काम इतकं साफ करा की लपवावं लागू नये. दुसऱ्या गटाचा बाणा मला आवडतो, पण स्पर्धेच्या आदल्या रात्री पहिला गट जास्त उपयोगी पडतो.

पोलरायझर फिल्टरवरचा वाद याच फरकातून येतो. वॉर्निश, रंग, चामडं अशा अधातू पृष्ठभागावरून ठरावीक कोनात, लंबापासून साधारण ५५ अंशांच्या आसपास, परतणारी चकाकी एका दिशेला ध्रुवीकृत झालेली असते, आणि लेन्सवरचा फिल्टर फिरवून ती काढता येते. धातूवरून येणारी चकाकी अशी ध्रुवीकृत होत नाही. म्हणजे खऱ्या पत्र्यावर हा फिल्टर जवळजवळ निकामी, आणि रंगवलेल्या फोमवर मात्र तो वॉर्निशचा थर पुसून खालच्या धातुकणांची चमक तेवढी ठेवतो. काहींच्या मते प्लास्टिक उघडं पडतं ते याच वरच्या चकाकीमुळे, म्हणून ती काढलीच पाहिजे. दुसऱ्यांना वाटतं की ती गेली की पोलादाचा भासच जातो. दिव्यावर आणि लेन्सवर दोन्हीकडे आडवे-उभे पोलरायझर लावण्याची एक पद्धत आहे. चामड्याच्या पट्ट्यांचा पोत नोंदवायला ती उत्तम, पण तिच्यात खरा पत्रा जवळजवळ काळा पडतो आणि चंदेरी रंगही मरतो. दोन्ही बाजूंनी करून पाहावं आणि त्या कवचापुरता निर्णय घ्यावा, यापलीकडे सर्वसाधारण नियम अजून कुणी दिलेला नाही.

खोली

उपलब्ध मार्गदर्शन बहुतेक अमेरिकेतून येतं, आणि ते नकळत गॅरेज गृहीत धरतं. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली त्या हिशेबात बसत नाही. आकडे मांडून पाहिले की अडचण कुठे आहे ते कळतं.

शिरस्त्राणासकट माणूस सात फुटांच्या आसपास जातो. वर-खाली थोडी जागा सोडून फोटोत सुमारे २.४ मीटर उंची हवी. फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरला तर ८५ मिमी लेन्सला त्यासाठी साडेपाच मीटरहून जास्त अंतर लागतं, ५० मिमीला सुमारे ३.३ मीटर आणि ३५ मिमीला २.३ मीटर. खोलीची लांब बाजू आहे ३.६६ मीटर. त्यातून माणूस पार्श्वभूमीपासून निदान मीटरभर पुढे हवा आणि छायाचित्रकाराला पाठीमागे उभं राहायला जागा हवी. म्हणजे ५० मिमीसुद्धा फक्त तिरप्या रेषेत, कोपऱ्यातून कोपऱ्यात, जेमतेम बसते. उरते ३५. पण २.३ मीटरवरून घेतलेल्या फोटोत शरीरापासून ३० सेंटीमीटर पुढे आलेला भाग सुमारे १५ टक्के मोठा दिसतो. साडेपाच मीटरवरून तोच फरक साडेपाच टक्क्यांच्या आसपास राहतो. ज्या चिलखतांचे खांदे मुळातच अतिशयोक्त, त्यांचं यात व्यंगचित्र होतं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची नजर तर आणखी रुंद असते, म्हणून त्याची दुप्पट झूमवाली लेन्स वापरा हा सल्ला रास्त आहे.

यावर तीन तोडगे प्रचलित आहेत. खोलीचं दार उघडून पॅसेजमधून किंवा हॉलमधून फोटो घेणं हा सर्वांत सोपा. पूर्ण आकृतीचा हट्ट सोडून कमरेपर्यंतचे आणि सुट्या भागांचे फोटो घेणं हा दुसरा. तिसरा, दोन-तीन फोटो घेऊन ते जोडणं. जोडकामावर काहींचा आक्षेप आहे. त्याकडे पुढे येऊ.

अंतराहूनही जास्त त्रास भिंतींचा होतो, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. पांढऱ्या किंवा क्रीम रंगाच्या भिंती, खाली चकचकीत टाइल्स, वर साडेनऊ फुटांवर छत. कुठलाही दिवा लावला की उजेड सहा बाजूंनी परत येतो. मग सावली उरत नाही, आकार उरत नाही, आणि क्रीम भिंतीची पिवळट छटा चांदीवर चढते. नवा माणूस अशा वेळी आणखी एक दिवा विकत घेतो. माझ्या मते घरच्या स्टुडिओचा पहिला खर्च काळ्या कापडावर व्हायला हवा. पडद्याच्या पाइपवर दोन बाजूंना काळं कापड, जमिनीवर काळी चादर, आणि मग एकच दिवा. हिंदी-मराठी चित्रीकरणात लाइटवाले ‘थर्माकोल’ आणि ‘कटर’ यांच्यावर निम्मं काम काढतात. एक उजेड परतवतो, दुसरा अडवतो. चिलखतासाठी कटर जास्त लागतो. पडदा म्हणून मांजरपाट किंवा बटर पेपर चालतो. फक्त तो ताणून बसवावा, कारण त्याची चुणी पत्र्यात हमखास दिसते.

दिवा जवळ आणावा, याबद्दल मात्र एकमत आहे. दिवा माणसापासून तीन फुटांवर आणि भिंत त्याच्या मागे आणखी तीन फूट असेल तर भिंतीवर चौथाईच उजेड पोहोचतो. दिवा सहा फुटांवर नेला तर तोच वाटा ४४ टक्के होतो. छोट्या खोलीत पार्श्वभूमी गडद करायची ही बिनखर्ची युक्ती आहे, शिवाय जवळचा पडदा मोठा आणि म्हणून मऊ होतो. मागून कडा उजळणारा दिवा वर टांगण्याची पद्धत मात्र इथे जमत नाही. डोक्यावरच्या शिंगांच्या आणि छताच्या मध्ये जागाच उरत नाही. तो दिवा बाजूने, उभ्या अरुंद सॉफ्टबॉक्समधून द्यावा लागतो, आणि चिलखताच्या कडेवर लांब, सलग रेघ मिळते ती त्यातूनच.

फ्लॅश की सतत उजेड

हा वाद जुना. फ्लॅशच्या बाजूने बोलणारे सांगतात की त्याची झळक क्षणार्धाची असते, त्यामुळे उडती केपसुद्धा गोठते. शटर १/२०० च्या आसपास ठेवलं की खोलीतल्या ट्यूबलाइटचा हिशेबच करावा लागत नाही. आणि छोट्या खर्चात भरपूर उजेड मिळत असल्याने एफ ८ किंवा ११ वर नाकापासून खांद्याच्या मागच्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

एलईडीवाल्यांचा एकच युक्तिवाद आहे, पण तो वजनदार आहे. चमक कुठे पडते ते फोटो काढण्याआधी दिसतं. चिलखतात चार अंशांनी खांदा फिरला तरी चमक एका पत्र्यावरून दुसऱ्यावर उडी मारते, आणि साध्या फ्लॅशमध्ये ते फोटो निघाल्यावरच कळतं. स्वतःच कवच घालून टायमरवर फोटो घेणाऱ्याला तर समोर आरसा किंवा स्क्रीन ठेवून स्वतःला बघता येणं ही मोठी सोय आहे. उणी बाजू म्हणजे उजेड कमी, म्हणून शटर हळू. शिवाय स्वस्त घरगुती बल्ब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं नाही तर फोटोत पट्टे येतात. रंग दाखवण्याची त्यांची कुवतही बेताची असते आणि सोनेरी रंग हिरवट उतरतो. जुन्या हॅलोजनचा रंग उत्तम, पण त्याची धग फोमजवळ नको. हा फोम उष्णतेनेच वाकवतात आणि वोर्ब्लासारखं थर्मोप्लास्टिक ९० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

अलीकडे चांगल्या एलईडी स्वस्त झाल्याने कल तिकडे झुकतो आहे. सुट्या वस्तू आणि पुतळ्यावरचं कवच यांसाठी तो निर्विवाद योग्य आहे. हालचाल असेल तिथे फ्लॅशला अजून पर्याय नाही.

पुतळा, माणूस आणि मागचा पडदा

कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यावर चिलखत चढवलं की ते बहुतेकदा लोंबतं, कारण ते कुणा एकाच्या मापाने बनलेलं असतं. आतून जुने टॉवेल, उशा भरून तो दोष बराच जातो. पुतळा थकत नाही, घामाघूम होत नाही आणि दिवे लावायला तासभर घेतला तरी तक्रार करत नाही. फोममधून हवा खेळत नाही, त्यामुळे बंद खोलीत आणि पंखा थांबवून माणसाला फार वेळ उभं ठेवता येत नाही. तरी पट्टे ताणले जातात कसे, कोपर वाकलं की पत्रे एकमेकांवर सरकतात कसे, हे जिवंत शरीरावरच कळतं, आणि जाणकार नजर तेच शोधत असते. बरेच जण म्हणून दिवे पुतळ्यावर बसवतात आणि मग माणूस आणतात.

पार्श्वभूमीसाठी करडा सीमलेस कागद सर्वांत निर्धोक. पूर्ण रोल २.७२ मीटर रुंद असतो आणि दहा फुटांच्या भिंतीवर स्टँडसकट कसाबसा बसतो. १.३५ मीटरचा अर्धा रोल सोयीचा, पण पंख किंवा पसरलेली केप त्याच्याबाहेर जाते. काळी मखमल उजेड गिळते, म्हणून गडद दृश्यांना चांगली. हिरवा पडदा चकचकीत चिलखताला टाळावा, कारण पत्र्याच्या कडांत तो हिरवा रंग शिरतो आणि काढता काढता जीव जातो.

नोंद किती, नाट्य किती

खरा न सुटलेला प्रश्न इथे आहे. एका मताप्रमाणे फोटो म्हणजे कामाची नोंद. चारही बाजू, आतली अस्तराची बाजू, पट्ट्यांची जोडणी, सगळं दिसावं. गिऱ्हाईक पैसे देणार आहे किंवा परीक्षक गुण देणार आहे, तर त्याला वस्तू कळली पाहिजे. दुसऱ्या मताप्रमाणे काल्पनिक चिलखताला त्याचं काल्पनिक जग मिळालंच पाहिजे. धूर, ठिणग्या, मागे कोसळता किल्ला हे सगळं त्या कलाकृतीचाच भाग आहे. धूर खोलीत करायचा की नंतर संगणकावर घालायचा, हा त्यातला पोटवाद. सोसायटीतल्या स्मोक डिटेक्टरमुळे बऱ्याच जणांसाठी तो परस्पर निकाली निघतो.

व्यवहारात बहुतेक जण दोन्ही प्रकारचे फोटो काढतात आणि वेगळे ठेवतात. मतभेद आहे तो मधल्या पट्ट्यात. फोमचा जोड संगणकावर पुसावा का? दोन फोटो जोडून पूर्ण आकृती केली तर चालेल का? दिव्याचा स्टँड पुसणं कुणाला खटकत नाही. जोडाची रेघ पुसणं पुष्कळांना खटकतं, कारण तिथे कारागिरीबद्दल खोटं सांगितलं जातं. पण झिजल्याचा भास गडद करणं, डोळ्यांत उजेड पेटवणं यांवर सहमती नाही. सुरुवातीला पाहिलेल्या तीन परंपरांच्या वेगळ्या प्रयोजनांना एकच नियम लावता येईल असं वाटतही नाही.

घरी स्टुडिओ केल्याने एक जुनी कटकट मात्र कमी होते, ती हक्कांची. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे फोटोचा पहिला मालक सर्वसाधारणपणे छायाचित्रकार असतो. मोबदला देऊन फोटो काढवून घेतला असेल तर, वेगळा करार नसल्यास, तो काढवून घेणारा. हौशी वर्तुळात मात्र पैशांऐवजी ‘तू घाल, मी काढतो’ असाच सौदा चालतो, आणि मग चिलखत बनवणाऱ्याचं नाव फोटोखाली येईलच याची खात्री नसते. बनवणारा, घालणारा आणि फोटो काढणारा वेगळे असतील तर श्रेय कसं लिहावं, याचे संकेत अजून घडत आहेत.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिमांनी या चर्चेचा सूर बदलला आहे. अस्तित्वातच नसलेलं चिलखत आता हवं तसं धुरात, हव्या त्या किल्ल्यासमोर उभं करता येतं. परिणामी जितका फोटो नाट्यमय, तितकी शंका जास्त. नोंदीच्या बाजूचे लोक म्हणतात की आता साध्या, करड्या कागदासमोरच्या फोटोला भाव येईल. नाट्याच्या बाजूचे म्हणतात की साधा फोटोही बनवता येतोच. तेव्हा बऱ्याच जणांनी अर्धवट कामाचे फोटो, कापलेल्या फोमचे तुकडे आणि हातातला दिवा कवचावरून फिरवत काढलेला छोटा व्हिडिओ सोबत द्यायला सुरुवात केली आहे. दिवा सरकतो तशी चमक पत्र्यावरून सलग सरकते आणि प्रत्येक रिव्हेटची सावली आपल्या जागी फिरते. साध्या फोटोपेक्षा हे खोटं बनवणं अवघड आहे. स्पर्धांचे परीक्षक वस्तू हातात घेऊन पाहू शकतात. अडचण आहे ती दूरच्या शहरातून मागणी नोंदवणाऱ्याची, आणि त्याने किती व कसे पुरावे मागावेत यावर अजून कुठलाही सर्वमान्य ठराव झालेला नाही.